वन बीएचकेतलं वर्क फ्रॉम होम: खोली नसेल तर वेळ वाटून घ्या

वर्क फ्रॉम होमचा ताण कसा कमी करायचा यावर काहीही वाचायला घ्या, पहिला सल्ला ठरलेला असतो, घरात कामासाठी वेगळी खोली ठेवा आणि दार लावून बसा. सल्ला चांगलाच आहे. पण मी भांडुपला राहते, वन बीएचकेत, घरात आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई आणि चौथीतली लेक, आणि दार लावता येईल अशी खोली म्हणजे एकच बेडरूम. तिथे सासूबाई दुपारी आडव्या होतात आणि घरातलं मोठं कपाटही तिथेच, त्यामुळे कोणाला टॉवेल हवा असतो, कोणाला इस्त्रीचे कपडे, कोणाला बँकेचं पासबुक. राहिला हॉल. हॉलमध्ये टीव्ही, देव्हारा, डायनिंग टेबल, लेकीचं दप्तर आणि मेन दार, म्हणजे बेल वाजली की उठणार कोण, तर जी दाराजवळ बसलीये ती. मुंबईत माझ्या ओळखीतल्या बहुतेकांकडे थोड्याफार फरकाने असंच आहे, आणि लालबाग-परळच्या चाळीत किंवा एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या काही मुली तर एकाच खोलीत सगळ्या घरादाराच्या मधे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात आणि कॉलवर त्यांचा आवाज ऐकून कोणाला पत्ताही लागत नाही. त्यांच्यासाठी आणि माझ्यासारख्यांसाठी लिहितेय हे.

माझं काम इन्शुरन्सच्या बॅक ऑफिसचं, हेल्थ क्लेम बघते. हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्ज समरी आणि पॉलिसीच्या अटी हे तिन्ही एकमेकांशी ताडून बघायचं. काही पॉलिसींमध्ये रूम रेंटला मर्यादा असते, पेशंट त्यापेक्षा महाग रूममध्ये राहिला असेल तर नुसतं रूमचं भाडं नाही, बाकीचे बरेच चार्जेसही त्या प्रमाणात कमी करायला लागतात, म्हणजे वरचा एक आकडा नीट बघितला नाही की खालचं सगळं गणित हलतं. आणि त्या फाईलच्या पलीकडे कोणीतरी माणूस हॉस्पिटलचं बिल भरून पैशांची वाट बघत बसलेला असतो. त्यामुळे लक्ष विचलित होणं ही माझ्यासाठी प्रॉडक्टिव्हिटी वगैरेची गोष्ट नाहीये, तो आकडा बरोबर यायला हवा, बस.

आता त्या वेगळ्या खोलीबद्दल. घरून काम चांगलं होतं असं सांगताना सगळ्यात जास्त ज्या अभ्यासाचं नाव घेतात तो चीनमधला आहे, सीट्रिप नावाच्या ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमधला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि २०१५ मध्ये छापून आला. काही जणांना आठवड्यातले चार दिवस घरून काम करायला दिलं, बाकीच्यांना ऑफिसातच ठेवलं, नऊ महिने हे चाललं, आणि घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी जास्त भरलं, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हा १३ टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात. पण त्यात घ्यायचं कोणाला याची अट होती, घरात ब्रॉडबँड हवं आणि शिफ्टच्या वेळेत स्वतःची स्वतंत्र खोली हवी. म्हणजे आमच्यासारखे लोक त्या प्रयोगात बसलेच नसते! आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते, प्रयोग संपल्यावर ज्याला हवं ते निवडा म्हटलं तर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परत गेले, आणि त्यामागचं एक मोठं कारण होतं एकटं वाटणं. खोली होती, काम चांगलं होत होतं, तरी परत गेले. यावर मी पुढे येतेच.

तर खोली नाही. मग वाटून काय घ्यायचं तर वेळ. मला खरंच असं वाटतं की मुंबईतल्या लहान घरात काम करायचं तर हा एकच मार्ग टिकतो, बाकी सगळे उपाय, हेडफोन, ॲप, टायमर, हे त्याच्यानंतर येतात. आणि वेळ आपण एकट्याने वाटून चालत नाही, घरातल्या सगळ्यांनी बसून वाटावी लागते.

आमच्याकडे हे रविवारी रात्री जेवणं झाल्यावर होतं. टेबल पुसून झालं की लेकीच्या वहीतला एक कागद, आडवा, त्यावर सोमवार ते शुक्रवार, आणि प्रत्येकाने सांगायचं की हॉल कोणाला कधी हवाय. पहिल्यांदा बसलो तेव्हा माझी कल्पना अशी होती की मी माझ्या कॉलच्या वेळा सांगेन आणि बाकीचे तेवढा वेळ शांत राहतील. पण सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, तू कॉलवर असतेस तेव्हा मी किचनमध्ये भांडं पण ठेवत नाही, आवाज होईल म्हणून. पाण्याचा नळ पण बारीक सोडते." मी म्हटलं, "आई, असं कशाला करता, सांगायचं ना मला." तर म्हणाल्या, "सांगणार कधी, तुझ्या कानात ते असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण वर्क फ्रॉम होमच्या ताणाबद्दल बोलतो तेव्हा काम करणाऱ्याच्याच ताणाबद्दल बोलतो. पण ज्या बाईने या घरात कितीतरी वर्षं आपल्या मर्जीने कुकर लावला, रेडिओ लावला, खिडकीतून समोरच्या काकूंना हाक मारली, तिच्या हॉलमध्ये अचानक एक ऑफिस येऊन बसलं आणि ती स्वतःच्या घरात दबकून वावरायला लागली. तिला कोणी पगार देत नाही त्याचा, कोणी विचारलंही नव्हतं. आणि माणसं दबकून राहिली की ते कुठेतरी बाहेर पडतंच, संध्याकाळी मीठ कमी झाल्यावरून किंवा लेकीच्या केसांवरून, आणि मग आपल्याला वाटतं घरात उगाच कटकट चाललीये. ती उगाच नसते. दिवसभर नळ बारीक सोडल्याची असते ती.

म्हणून आता कागदावर पहिला रकाना त्यांचा. दुपारी एक ते अडीच हॉल आईंचा. टीव्ही ज्या आवाजात हवा त्या आवाजात, फोनवर बहिणीशी बोलायचं असेल तर तेही हॉलमध्येच, पाय वर घेऊन. त्या वेळात मी कॉल घेत नाही. जेवते, आणि उरलेला वेळ बेडरूममध्ये पलंगावर बसून मेलला उत्तरं देते, कारण ते काम आवाजातही होतं. सकाळी दहा ते साडेबारा आणि मग तीन ते पाच हे माझे तास, यात हॉल माझा, आणि याही वेळात भांडी घासायची, नळ सोडायचा, सगळं करायचं, फक्त मला येऊन काही विचारायचं नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो. आवाजाने माझं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते प्रश्नाने. कुकरच्या शिट्ट्या वाजू देत, म्यूटचं बटण आहे. पण "अगं, तो गॅसवाल्याचा नंबर कुठाय" असं कोणी विचारलं की मला फाईलमधून बाहेर यावंच लागतं. तर त्यासाठी फ्रिजवर एक पाटी लावलीये, लेकीची जुनी पांढरी पाटी, जे विचारायचं ते त्यावर लिहायचं, मी साडेबाराला उठले की बघते. बहुतेक वेळा मी बघेपर्यंत प्रश्न सुटलेले असतात, गॅसवाल्याचा नंबर कॅलेंडरच्या मागे सापडलेला असतो.

लेकीची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी तिचा अभ्यास आणि माझं काम एकाच टेबलावर समोरासमोर चालतं. तिने माझ्याकडे बघायचं नाही, मी तिच्याकडे. तिला हे आवडतं, असं तीच सांगते.

बाहेरच्यांचं वेगळं. "घरीच असता ना" हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत झालं की मजल्यावरची सगळी पार्सलं तुमच्याकडे यायला लागतात, शेजारच्या वहिनींचं, वरच्या मजल्यावरच्या मुलाचं, कोणाचं कुरिअर, कोणाची किराणाची पिशवी. मदत करायला माझी ना नाही, शेजार आहे तो, मुंबईत शेजाराशिवाय पान हलत नाही. पण मी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं की चारनंतर... म्हणजे कागदावर पाच लिहिलंय पण चारला माझा कॉल नसतो शक्यतो, तर चारनंतर बिनधास्त या, त्याआधी वॉचमनकडे ठेवायला सांगा. कोणालाही राग आला नाही. आपल्यालाच वाटत असतं की वाईट वाटेल.

आणि घरकामाबद्दल बोलायलाच हवं, कारण बायकांच्या वर्क फ्रॉम होममध्ये अर्धा ताण तिथेच आहे. सरकारचा टाईम यूज सर्व्हे आहे, २०२४ चा, त्यात असं आलंय की देशात ज्या बायका आपल्या घरचं काम करतात त्यांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांच्या वर! ऑफिसला जाणाऱ्या बाईला निदान दहा तास ते काम दिसत तरी नाही. घरून काम करणाऱ्या बाईला ते सतत समोर दिसत असतं, वाळलेले कपडे दोरीवर, ओट्यावर मळलेली कणीक, बेसिनमध्ये भांडी, आणि कॉल संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या सात मिनिटांत ती कपड्यांच्या घड्या करायला उठते. मी पण उठायचे. त्याला काही जण ब्रेक म्हणतात, पण तो ब्रेक नव्हे, ती दुसरी नोकरी. आमच्या कागदावर आता हेही लिहिलेलं असतं की दुपारची भाजी-आमटी सकाळी आठच्या आत होणार आणि नवरा साडेआठला निघायच्या आधी कुकर लावून जाणार, दोरीवरचे कपडे संध्याकाळी तोच काढणार. कपडे मधल्या वेळात पावसात भिजले तर भिजले, परत वाळतील. मला वाटतं हे लिहून ठेवल्याने झालं, तोंडी सांगून झालं नसतं, कारण तोंडी सांगितलं की ते दर वेळी नव्याने सांगावं लागतं आणि त्या सांगण्याचाच थकवा येतो.

आता कामाच्या आतलं. बेल वाजणारच, आईंना मधेच चक्कर आल्यासारखं वाटलं तर पाटीवर थोडीच लिहिणार त्या, त्यामुळे मधे उठणं टळत नाही. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या अर्व्हाईन कॅम्पसमधल्या ग्लोरिया मार्क या बाईंनी लक्ष विचलित होण्यावरच कितीतरी वर्षं काम केलंय, त्यांच्या २००८ च्या एका पेपरमध्ये असं दिसलं की ज्यांना कामात मधेमधे अडवलं त्यांचं काम उलट लवकर झालं आणि दर्जाही घसरला नाही, पण त्यांना ताण, चिडचिड आणि घाई जास्त जाणवली. म्हणजे बघा, माणूस अडथळा भरून काढायला वेग वाढवतो, काम वेळेत जातं, मॅनेजरला काहीच दिसत नाही, आणि त्याची किंमत संध्याकाळी आपल्या मानेला आणि घरच्यांना मोजावी लागते. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण टार्गेट पूर्ण होत असूनही मी इतकी का दमते हे मला कोणाला सांगता येत नव्हतं.

यावर एक उपाय मला खरोखर उपयोगी पडलाय. सोफी लेरॉय म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर गेलो तरी लक्षाचा थोडा भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी असं सांगितलं की उठायच्या आधी आपण कुठे होतो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं झटकन लिहून ठेवलं तर तो अडकलेला भाग बराच सुटतो. मी टेबलाच्या कडेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवते, जुन्या कॅलेंडरची पानं कापून केलेला. बेल वाजली की हात आधी पेनकडे जातो. "पान ४, आयसीयू दोन दिवस, रूम रेंट तपास." एवढंच. पाच सेकंद लागतात, तेवढं दारातला माणूस थांबतो. मग दारात उभं राहून दूधवाल्या भैय्यांशी हिशोब करताना डोक्यात रूम रेंट फिरत नाही, आणि परत येऊन बसल्यावर फाईल वरपासून वाचावी लागत नाही.

फोनचं सगळेच सांगतात, मी थोडक्यात सांगते. २०१७ मध्ये टेक्सास युनिव्हर्सिटीच्या एड्रियन वॉर्ड यांच्या टीमने जवळपास ८०० लोकांवर प्रयोग केले, फोन टेबलावर पालथा, खिशात किंवा बॅगेत, आणि दुसऱ्या खोलीत, आणि दुसऱ्या खोलीत फोन असलेल्यांचं डोकं जास्त चांगलं चाललं. नंतर इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा दर वेळी तसंच आलं नाही, त्यामुळे मी त्याला काळ्या दगडावरची रेघ म्हणणार नाही. पण माझ्यापुरतं मला पटलंय. अडचण अशी की लॉगिनचा ओटीपी फोनवरच येतो. तर सकाळी लॉगिन झालं की फोन किचनमध्ये फ्रिजच्या वर, आवाज चालू, आणि शाळेचा, नवऱ्याचा आणि आईंच्या डॉक्टरांचा नंबर सोडून बाकी सगळे ग्रुप म्यूट. सोसायटीचा ग्रुप तर कायमचाच म्यूट, काही महत्त्वाचं असलं तर वॉचमन इंटरकॉम करतोच.

आवाजाबद्दल मी म्हटलं की बिघडत नाही, पण एक अपवाद आहे, शेजारचं रिडेव्हलपमेंट. मुंबईत सध्या जिकडेतिकडे चाललंय आणि ते ड्रिलिंग कानात नाही, दातात ऐकू येतं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा दिलीये, पण दिवसा बांधकाम चालणार म्हटल्यावर आपण किती वेळा तक्रार करणार. त्यापेक्षा मी सरळ खाली जाऊन साईटवरच्या सुपरवायझरना विचारलं की दादा, ब्रेकर कधी चालवता आणि जेवायची सुट्टी कधी असते. त्यांनी सांगितलं. माणूस नीट विचारलं तर नीट सांगतो. त्यांच्या जेवणाच्या वेळेत मी ज्या क्लेममध्ये हॉस्पिटलशी फोनवर बोलायचं असतं ते फोन लावते. घरातल्या रिनोव्हेशनसाठी बऱ्याच सोसायट्यांमध्ये दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद ठेवायचा नियम असतो, तुमच्याकडे असेल तर सेक्रेटरींना विचारा, नसेल तर मिटिंगमध्ये मांडा, म्हातारी माणसं, तान्ही बाळं आणि घरून काम करणारे सगळेच पाठिंबा देतील.

व्हिडिओ कॉलने जो थकवा येतो त्याबद्दल स्टॅनफर्डच्याच जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं, की सारखं जवळून डोळ्यात डोळे घालून बघणं, स्वतःचा चेहरा सारखा दिसणं, एकाच जागी खिळून बसणं आणि हावभाव समजून घ्यायला लागणारी जास्तीची मेहनत, या चार गोष्टींनी माणूस दमतो. स्वतःचा चेहरा लपवायचं बटण सेटिंगमध्ये असतं, तेवढं केलं तरी फरक पडतो. आमच्याकडे तर मागे देव्हारा आणि दोरीवरचे कपडे दिसतात म्हणून टीममधल्या मुली कॉलभर कॅमेऱ्यात आपली चौकटच तपासत असतात, लक्ष कुठे राहणार. टीम लीडना सांगितलं की रोजच्या कॉलला कॅमेरा बंद ठेवू द्या, त्यांनी ठेवू दिला.

आता ते एकटेपणाचं, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं.

ऑफिसला रोज जायचे तेव्हा भांडुपहून स्लो लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं आणि तिथून लोअर परळ चालत. सगळे म्हणतात वर्क फ्रॉम होममुळे प्रवासाचा त्रास वाचला, आणि वाचलाच, त्या गर्दीत काय जीव जातो ते मला माहितीये, मी तो प्रवास गोड करून सांगणार नाही. पण लेडीज डब्यात आमचा एक ग्रुप होता. संध्याकाळी दादरला कोणी मेथीची जुडी काढायचं, कोणी मटार सोलायला घ्यायचं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण लागायचं, नवरात्रात त्या त्या दिवसाच्या रंगाच्या साड्या. आणि बोलणं. ऑफिसात कोण काय बोललं, सासरी काय झालं, मुलाचे मार्क. परळला चढलेली मैत्रीण मॅनेजरबद्दल बोलायला लागायची, कुर्ला येईपर्यंत रडून व्हायची, घाटकोपरला कोणीतरी चिक्की पुढे करायचं आणि विक्रोळीला ती उद्या डब्याला काय करायचं हे विचारत असायची. घरात पाऊल टाकताना ऑफिस गाडीतच राहिलेलं असायचं. ब्लेक ॲशफर्थ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये लिहिलंय की माणूस रोज घरातल्या भूमिकेतून कामाच्या भूमिकेत जातो आणि परत येतो आणि ही ये-जा करायला त्याला मधला पूल लागतो, कपडे बदलणं, प्रवास, असं काहीतरी. आमचा पूल मध्य रेल्वेचा होता.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि तो ग्रुप विखुरला. ऑक्टोबरात बायकांना ठराविक वेळेत प्रवासाला परवानगी मिळाली तोपर्यंत अर्ध्या जणी घरूनच काम करायला लागल्या होत्या, दोघींच्या नोकऱ्या गेल्या होत्या. आता मी ऑफिसला आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी जाते, त्यांचे दिवस वेगळे, माझे वेगळे, गाठ पडत नाही. आणि घरी लॅपटॉप बंद केला की दोन पावलांवर किचन. त्या दोन पावलांत डोकं रिकामं होत नाही हो. मॅनेजरचं बोलणं डोक्यात तसंच आणि समोर लेक विचारतेय आज शाळेत काय झालं सांगू का.

म्हणून आम्ही डब्यातल्या तिघी-चौघींनी ठरवलं की लॉग आऊट झाल्यावर घरातून खाली उतरायचं आणि चालता चालता ग्रुप कॉल लावायचा. एक मुलुंडला, एक नाहूरला, एक पार बदलापूरला गेली राहायला. मी बिल्डिंगच्या गेटपासून भाजी मार्केटपर्यंत जाते आणि परत येते. कोणाच्या मागे रिक्षाचे हॉर्न, कोणाच्या मागे मंदिरातली आरती. तेच बोलणं, तेच रडणं, आणि तेच "बरं, उद्या डब्याला काय." ज्या दिवशी हा कॉल होत नाही त्या दिवशी मी घरात जास्त चिडते, हे लेकीने सांगितलंय मला. श्वासाचे व्यायाम, योगा, सगळं चांगलं आहे, मीही सकाळी थोडं करते, पण माझा अनुभव असा की कामाचा ताण बोलून जेवढा उतरतो तेवढा दुसऱ्या कशाने उतरत नाही, आणि तो घरच्यांशी बोलून नाही, त्याच धंद्यातून जाणाऱ्या माणसांशी बोलून. घरच्यांना आपण काय म्हणतोय ते कळतं पण ते काळजी करत बसतात. मैत्रीण काळजी करत नाही, ती म्हणते माझ्याकडे पण तसंच, ऐक.

आणि संध्याकाळी थांबायचं. याबाबतीत मी जरा कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) यांनी मे २०२१ मध्ये मिळून सांगितलं होतं की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरायचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. घरून काम करताना ५५ तास कधी होतात कळतही नाही, जेवण झाल्यावर "एवढं एकच बघून टाकते" करत करत होतात. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं, पण खासगी विधेयकांचं जे होतं तेच झालं, कायदा काही झाला नाही. तोपर्यंत आपला कायदा आपणच करायचा. लॅपटॉप पिशवीत, पिशवी कपाटात खालच्या कप्प्यात चादरींच्या मागे, आणि त्याच्यावर कपाटाला कुलूप. परत काढायचा तर आईंच्या खोलीतला लाईट लावावा लागतो, त्या झोपलेल्या असतात, म्हणून काढला जात नाही. रात्री मेसेज आला तर "सकाळी दहाला बघते" एवढंच उत्तर. आजवर कुठलाही क्लेम रात्री अकराला माझ्यावाचून अडलेला नाही, पैसे तसेही दुसऱ्या दिवशीच प्रोसेस होतात.

एक गंभीर गोष्ट. झोप उडालीये, जेवण जात नाही, सकाळी लॅपटॉप उघडायच्या विचाराने छातीत धडधडतं, कारण नसताना रडू येतं, असं काही आठवडे चाललं असेल तर टाईमटेबल आणि चिठ्ठ्यांनी ते बरं होणार नाही. डॉक्टरांकडे जा. लगेच जाणं जमत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं. आमच्या टीममधल्या एका मुलीने गच्चीवर जाऊन फोन केला होता, कारण घरात एकच खोली आणि सगळ्यांसमोर बोलणार काय. पुढे तिने उपचार घेतले, आता बरी आहे. गच्चीची चावी लागत असेल तर वॉचमनकडून आधीच मागून ठेवा, काही सांगायची गरज नाही, फोनला रेंज येत नाही म्हणायचं.

आता मे महिना येतोय. लेकीला सुट्टी, नणंदेची दोन मुलं साताऱ्याहून राहायला येणार, म्हणजे सगळा कागद नव्याने करावा लागणार, येत्या रविवारी बसतोय. लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय की सकाळी दहा ते अकरा हॉल त्यांना कॅरमसाठी हवाय, आईंनी तिला पाठिंबा दिलाय, आणि मी टीम लीडना विचारलंय की माझा दहाचा कॉल साडेनऊला घेता येईल का.